मुंबईची फेरी आणि संग्रहालयाचा वेळ

१. बेत आधी, गाडी नंतर

शेतकरी पेरणीला निघतो तेव्हा बी किती, रान किती, वाफसा कधी, हे सारे आधी ठरवतो. मूठ भरून वाटेल तिथे फेकत सुटत नाही. बाजाराला जातानाही आपण मनाशी यादी करतो. तेल घ्यायचे, मीठ घ्यायचे, विळ्याला धार लावायची.

पण मुंबईला निघालो की आपले हे शहाणपण गावातच राहते. मुंबईत काय पाहणार, असे कोणी विचारले तर आपण म्हणतो, "सगळंच बघू की!" सगळे म्हणजे काय? महालक्ष्मी, चौपाटी, राणीची बाग, गेटवे, विमाने आणि दुकाने. त्यातच कोणी तरी सांगतो, "अजबखाना पण बघून या." मग रात्री अंग मोडून येते आणि डोक्यात नुसती गर्दी उरते.

या धड्यात आपण एकच गोष्ट शिकू. मुंबईच्या फेरीत कलेचे संग्रहालय पाहायचे तर वेळ कसा वाटावा? हा धडा हिशेबाचा आहे. पण तो नुसत्या हिशेबाचा नाही, हे पुढे तुमच्या ध्यानात येईल.

२. संग्रहालय कोणाचे?

आमच्या रात्रीच्या वर्गात एका गृहस्थांनी विचारले, "गुरुजी, ती जागा शिकल्यासवरल्या लोकांची. तिथं आमचं काय काम?"

आम्ही म्हटले, "आबा, तिथल्या मूर्ती कोणी घडवल्या?"

"पाथरवटानं."

"मातीची बाहुली?"

"कुंभारानं."

"पितळेचा दिवा?"

"तांबटानं नाही तर कासारानं."

"मग आबा, तुमच्याच आज्या-पणज्यांच्या हातचं काम तिथं मांडलंय. ते बघायला तुम्ही जायचं नाही, तर कोणी जायचं?"

आबा हसले. पण त्यांच्या मनातली भीती खोटी नव्हती. मोठी इमारत, दारावर शिपाई, आत चकचकीत फरशी. माणूस बिचकतो. म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. तिकीट काढले की आत जाणारा प्रत्येक माणूस सारखा. धोतर असो, लुगडे असो की पाटलोण असो. तिथे कोणी परीक्षा घेत नाही. घाई करा असेही कोणी म्हणत नाही. घाई आपणच करतो.

३. कोणते संग्रहालय कोठे आहे?

मुंबईच्या दक्षिण टोकाला काळा घोडा नावाचा भाग आहे. तिथे हाकेच्या अंतरावर तीन जागा आहेत.

पहिली जागा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. याचे जुने नाव प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. नाव १९९८ साली बदलले. १९०५ साली याचा पाया घातला गेला. १९१४ साली इमारत बांधून झाली. पण तेव्हा पहिले महायुद्ध पेटले होते. म्हणून इथे आधी लष्कराचे रुग्णालय चालले. लोकांसाठी संग्रहालय उघडले ते १९२२ साली. इमारतीचा आराखडा जॉर्ज विटेट यांचा. वरचा मोठा घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतला आहे. दगड मात्र जवळचाच, कुर्ल्याचा आणि मालाडचा. आत मधल्या दालनात लाकडी कमानी दिसतील. त्या नाशिकच्या एका जुन्या वाड्यातल्या आहेत.

दुसरी जागा जहांगीर आर्ट गॅलरी. ही १९५२ साली सुरू झाली. ती पहिल्या जागेला लागूनच आहे. इथे आजच्या चित्रकारांची चित्रे मांडतात. थोड्या थोड्या दिवसांनी चित्रे बदलतात. इथे तिकीट नाही.

तिसरी जागा राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. ते रस्त्याच्या पलीकडे आहे. इमारत १९११ सालची, पूर्वी तिथे सभा व गाण्याच्या बैठकी होत. १९९६ पासून तिथे चित्रे व शिल्पे आहेत. हे सोमवारी बंद असते.

चौथी जागा जरा लांब, भायखळ्याला राणीच्या बागेला लागून आहे. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. मुंबईतले हे सर्वांत जुने संग्रहालय. १८७२ साली ते लोकांसाठी उघडले. भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांद्रे गावचे. मुंबईत ते नामांकित डॉक्टर झाले आणि जुने शिलालेख वाचणारे पंडितही झाले. हे संग्रहालय उभे राहावे म्हणून ते झटले. १९७५ साली त्यांचे नाव याला दिले. आत जुन्या मुंबईचे नकाशे आहेत. निरनिराळ्या जातींच्या, धंद्यांच्या माणसांच्या मातीच्या लहान प्रतिमा आहेत. पगड्या आणि पोशाख पाहून म्हातारी माणसे रमतात. हे संग्रहालय बुधवारी बंद असते. राणीची बागही बुधवारी बंद असते.

बाहेरच्या बागेत एक दगडी हत्ती उभा आहे. तो घारापुरीच्या बेटावरचा. त्या हत्तीवरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८६४ साली हा हत्ती इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे १९१४ साली ते तुकडे जोडून हत्ती पुन्हा उभा केला. म्हणून तो आज आपल्याकडे आहे. पाहताना त्याचे सांधे शोधा.

४. वेळेचा हिशेब

आता पाटी घ्या. एका दालनात १०० वस्तू आहेत असे धरा. प्रत्येक वस्तूपुढे १ मिनिट उभे राहिलो. तर एका दालनाला १०० मिनिटे लागली. अशी पाच दालने पाहिली तर ५०० मिनिटे झाली. ५०० मिनिटे म्हणजे ८ तास २० मिनिटे.

शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय साधारण सकाळी सव्वादहाला उघडते आणि संध्याकाळी सहाला बंद होते. म्हणजे पावणेआठ तास. पाच दालनांतच दिवस संपला! आणि तिथे दालने पाचांहून पुष्कळ अधिक आहेत.

म्हणजे काय? सगळे पाहणे होणारच नाही. ते कोणालाच होत नाही. मुंबईत राहणाऱ्यालाही नाही. हे एकदा मनाने मान्य केले की निम्मी धावपळ संपते.

दुसरा हिशेब पायांचा. शेतात दिवसभर राबणारा माणूस म्हणतो, "मला काय होतंय चालायला?" पण फरशीवर थांबत थांबत चालणे वेगळे. चार पावले चालायचे, उभे राहायचे, मान वर करायची. नांगरामागे चालून जे पाय दुखत नाहीत, ते इथे दोन तासांत दुखतात. डोळेही शिणतात. दोन-अडीच तासांनंतर माणूस पाहत नाही, नुसता पुढे सरकतो.

म्हणून नियम असा. एका दिवशी एक मोठे संग्रहालय. आत अडीच तास. दालने तीन.

५. एका दिवसाची वाटणी

मुक्काम परळला नातेवाइकांच्या खोलीवर आहे असे धरू. दिवस मंगळवार. मोठे बोचके, ट्रंक खोलीवरच ठेवा. बरोबर एक पिशवी पुरे.

९ वाजता: न्याहारी करून निघा. लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरा. जुनी माणसे याला बोरीबंदर म्हणत. तिथून संग्रहालय सावकाश चालत पंचवीस मिनिटांवर आहे. चर्चगेटला उतरलात तर त्याहून जवळ.

१०.१५ ते १०.३०: तिकीट काढा. बाहेरून इमारत व घुमट पाहा.

१०.३० ते ११.१५: दगडी शिल्पांचे दालन. डोळे ताजे असतात तेव्हा जड काम आधी.

११.१५ ते ११.३०: बसा. पाणी प्या, पण ते दालनाच्या बाहेर.

११.३० ते १२.१०: लहान चित्रांचे दालन.

१२.१० ते १२.३०: आपल्या आवडीचे एक दालन. कोणाला हत्यारे आवडतात. तिथे अकबर बादशहाचे चिलखत व ढाल आहे. मुलांना पेंढा भरलेले पशुपक्षी आवडतात.

१२.३० ते १.३०: जेवण.

१.३० ते २: जहांगीर आर्ट गॅलरी.

२ नंतर: गेटवे ऑफ इंडिया. संग्रहालयापासून दहा मिनिटांची वाट. त्याचा आराखडाही विटेट यांचाच. बांधकाम १९२४ साली पुरे झाले.

४ वाजता: परतीची लोकल धरा. साडेपाचनंतर कचेऱ्या सुटतात. त्या गर्दीत म्हातारे माणूस आणि लेकरू घेऊन चढणे धोक्याचे आहे.

आतल्या वेळेची बेरीज करून पाहा. १५ अधिक ४५ अधिक १५ अधिक ४० अधिक २० बरोबर १३५ मिनिटे. म्हणजे सव्वादोन तास. अडीच तासांतली १५ मिनिटे शिल्लक राहिली. ती मोडू नका. कोणाला एखादी वस्तू फार आवडली तर ती तिथे खर्ची पडतील.

दुसरा दिवस हाती असेल तर भायखळा. सकाळी संग्रहालय दीड तास, मग राणीची बाग. हा क्रम उलटा करू नका. आधी बागेत गेलात तर मुले वाघ सोडून मातीच्या बाहुल्या पाहायला येणार नाहीत. बुधवार मात्र टाळा.

काही वेळा आपण फिरायला जातच नाही. घरचे माणूस दवाखान्यात असते. भेटीची वेळ संध्याकाळी. दुपारचे दोन तास मोकळे असतात. मन लागत नाही. बाकड्यावर बसून माणूस नको ते विचार करतो. अशा वेळी जवळचे एखादे दालन पाहून यावे. एकच दालन. त्याने दुखणे जात नाही. पण दोन तास मनाला दुसरीकडे टेकायला जागा मिळते आणि आजाऱ्याला सांगायला एक गोष्ट मिळते.

६. पाटी वाचा

आता आपल्या खऱ्या कामाकडे येऊ. वस्तूजवळ एक लहान पाटी असते. पूर्वी तुम्ही तिच्यावरून नजर फिरवून पुढे गेला असतात. आता तुम्हाला वाचता येते. जिथे पाटी मराठीत आहे तिथे थांबा आणि वाचा. पाटीवर बहुधा चार गोष्टी असतात.

वस्तूचे नाव. ती कोठे सापडली ते गाव. ती कशाची आहे, दगड की धातू की माती. आणि ती कोणत्या शतकातली.

शतक म्हणजे शंभर वर्षे. सहावे शतक म्हणजे इसवी सन ५०१ ते ६००. पुष्कळ लोक सहावे शतक म्हणजे ६०० च्या पुढचे समजतात. तसे नाही. आपले आजचे शतक एकविसावे, पण सन २००० च्या घरातले. तोच नियम मागे लावा. सहावे शतक म्हणजे साधारण दीड हजार वर्षांपूर्वीचे.

घारापुरीची शिल्पे या सहाव्या शतकाच्या सुमाराची. त्यांपैकी काही या संग्रहालयात आहेत. म्हणजे शिवाजी महाराजांच्या आधी हजार वर्षे आणि ज्ञानेश्वरांच्याही आधी सातशे वर्षे कोणी तरी छिन्नी-हातोडी घेऊन तो दगड फोडत होता. पाटीवरचे दोन शब्द वाचले आणि एवढे कळले. अंगठा उठवणाऱ्याला हे कळत नव्हते. म्हणून सांगतो, पाटी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. एका दालनात पाच पाट्या नीट वाचल्या तरी भरून पावले.

७. कसे पाहावे

आधी दालनातून एक सावकाश फेरी मारा. कोठेही थांबू नका. मग मनात राहिलेल्या पाच वस्तू निवडा. परत त्यांच्याकडे जा. प्रत्येकीपुढे पाच मिनिटे उभे राहा. म्हणजे २५ मिनिटे झाली.

मूर्ती असेल तर हातापासून पाहा. किती हात आहेत? हातांत काय आहे? मग पाय, मग चेहरा. शेवटी बाजूला जाऊन पाहा. समोरून न दिसणारे काम बाजूने दिसते.

चित्र असेल तर जवळ जा. राजस्थानची, पहाडी मुलखाची, मोगलांची, दख्खनची जुनी चित्रे वहीच्या पानाएवढी असतात. ती भिंतीवर लावण्यासाठी काढलेली नव्हती. हातात धरून पाहण्यासाठी होती. खारीच्या केसांच्या बारीक कुंचल्याने ती रंगवत. म्हणून लांबून काही कळत नाही. तिथे उजेडही कमी ठेवतात. कारण उजेडाने कागदाचा रंग उडतो. उन्हात वाळत घातलेले लुगडे फिके पडते, तसेच. आत गेल्यावर क्षणभर थांबा, डोळा सरावू द्या, मग पाहा.

हात लावू नका. देवाच्या मूर्तीच्या पाया पडावेसे वाटले तर लांबून हात जोडा. हाताला घाम आणि तेल असते. एका हाताने काही होत नाही. पण रोज शेकडो हात लागले तर दगडही झिजतो. आपल्या देवळाचा उंबरा पाहा, मधोमध कसा झिजला आहे. मोबाइलने फोटो काढायचा असेल तर आधी शिपायाला विचारा. आणि फोटो काढला म्हणजे पाहून झाले असे समजू नका.

८. दोन गावांची गोष्ट

एका गावची मंडळी मुंबई पाहून आली. पंचवीस माणसे होती. सकाळी देवदर्शन, दुपारी संग्रहालय, संध्याकाळी चौपाटी. संग्रहालयाला त्यांच्या म्होरक्याने पाऊण तास दिला होता. तो दारात उभा राहून "चला, चला" करत होता. आम्ही पुढे त्यांना विचारले, "आत काय पाहिलंत?" एक म्हणाला, "लई मोठं हाय." दुसरा म्हणाला, "मूर्त्याच मूर्त्या." तिसरा गप्प बसला. पंचवीस तिकिटांचे पैसे गेले आणि हाती एवढेच आले.

दुसऱ्या गावच्या नऊ माणसांनी बेत आधी केला. तीन दालने ठरवली. त्यांच्यात एक कुंभार होते. सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपातली भाजलेल्या मातीची एक मूर्ती तिथे आहे. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची. हातात कमळ धरलेला पुरुष आहे. कुंभारबाबा तिथून हलेनात. बाकीची मंडळी पुढे जाऊन परत आली तरी ते तिथेच. शेवटी म्हणाले, "एवढी मोठी मूर्त भट्टीत तडकली कशी नाही? आच सारखी लागलीय सगळीकडनं. लई जाणता माणूस होता हा."

त्या दिवशी तिथे शिकलेले पुष्कळ लोक आले असतील. त्यांनी मूर्ती पाहिली असेल, पाटी वाचली असेल. पण भट्टीतली आच कोणाला दिसली? ती कुंभाराला दिसली. कारण त्याने त्या जागी पंधरा मिनिटे घालवली आणि आयुष्यभर माती हाताळली.

गावी आल्यावर त्यांनी आपल्या मुलाला ती गोष्ट सांगितली. मुलगा कुंभारकामाला नाक मुरडत असे. तो आज काय करतो हे सांगायचे कारण नाही. पण बापाचे बोलणे त्याने पहिल्यांदाच उठून न जाता शेवटपर्यंत ऐकले. पंधरा मिनिटांचा हा हिशेब कोणत्या वहीत लिहायचा?

९. काही व्यवहाराच्या गोष्टी

बंदचा वार आणि उघडण्याच्या वेळा निघण्याआधी एकदा विचारून घ्या. त्या बदलतात. मुंबईतल्या नातेवाइकाला फोन करा, तो चौकशी करून सांगेल.

आत शिरताना चुकामुकीची जागा ठरवा. "कोणी हरवलं तर तिकिटाच्या खिडकीपाशी यायचं," एवढे सर्वांना सांगा. मुलाच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. ती तुम्ही स्वतः लिहा.

म्हाताऱ्या माणसांना सगळीकडे ओढू नका. आजींना एका दालनात बसवा. त्या एकाच चित्रातली गाय, वासरू आणि कृष्ण पाहत बसतील आणि तुमच्याहून अधिक पाहतील.

लहान मुलांना दीड तास पुरे. त्यांना काम द्या. "या खोलीत हत्ती किती, मोजून सांग."

मोठी तुकडी असेल तर पाच-पाचांचे गट करा. पंचवीस जण एका मूर्तीपुढे उभे राहिले तर मागच्याला पुढच्याची पाठच दिसते.

१०. घरी आल्यावर

रात्री झोपण्यापूर्वी वहीत तीन ओळी लिहा. कोठे गेलो. काय पाहिले. काय आवडले. पुढे आपल्या गावच्या देवळाकडे नीट पाहा. वीरगळाचा दगड गावाबाहेर आडवा पडला असेल. त्यावर गाई, घोडा, लढणारा माणूस कोरलेला असेल. कोणी त्यावर धुणे धुते, कोणी त्याला शेंदूर फासते. शहरात जाऊन तिकीट काढून जे आपण पाहिले, त्याचाच भाऊ आपल्या वेशीवर चिखलात आहे. तो उभा करा, धुवा, त्याच्यावरचे गवत काढा. मुंबईत दोन तास नीट पाहिल्याचा हा खरा नफा.

शब्दांचे अर्थ

दालन: मोठी खोली.
यारी: जड ओझे उचलण्याचे यंत्र.
वीरगळ: लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड.
स्तूप: बौद्धांचे घुमटाच्या आकाराचे पवित्र बांधकाम.

उत्तरे द्या

१. भायखळ्याचे संग्रहालय कोणत्या वारी बंद असते?
२. आठवे शतक म्हणजे कोणत्या सनापासून कोणत्या सनापर्यंत?
३. जुन्या चित्रांच्या दालनात उजेड कमी का ठेवतात?
४. तुमच्याजवळ ११ ते १ असा वेळ आहे. १५ मिनिटे बसायची आहेत. दोन दालने सारखा वेळ देऊन पाहायची आहेत. एका दालनाला किती मिनिटे येतील?
५. तुमच्या घरात किंवा गावात शंभर वर्षांपूर्वीची एखादी वस्तू आहे का? तिच्यासाठी एक पाटी लिहा. नाव, गाव, कशाची आहे, किती जुनी आहे.